चोपेटची साक्ष

कासिमान आणि मी एकतीस वर्षं लुद्रुकच्या, म्हणजे आमच्या जावातल्या विनोदी लोकनाट्याच्या, एकाच मंचावर उभे राहिलो. विनोद त्याने करायचे, टपल्या मी खायच्या. त्याचं मंचावरचं नाव चोपेट, म्हणजे खिसेकापू. खऱ्या आयुष्यात शेजारच्या झाडाखाली पडलेला आंबाही न उचलणारा माणूस. पण मंचावर चढला की पळपुटा शिपाई तोच आणि बायकोच्या कोंबड्या परस्पर विकणारा नवराही तोच.

खेळाच्या सुरुवातीला मी लोकांना विचारायचो, "हा माणूस चांगला आहे का?" सगळं मैदान ओरडायचं, "नाही!" मग तो कानामागे हात धरून थांबायचा. किती थांबायचं ते त्यालाच ठाऊक. लोकांचा जीव खालीवर होऊ लागला की हळूच म्हणायचा, "पुन्हा विचार, वाकिदी. उपाशी आहेत बिचारे." की हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. माझ्या वाट्याला नुसता प्रश्न, याचा मला कधीकधी रागही यायचा. खोटं कशाला बोलू?

मग घशाच्या दुखण्यात त्याचा आवाज गेला. शेवटचे चार महिने तो पाटीवर लिहून बोलायचा. एकदा त्याने लिहिलं, "माझी साक्ष तू माग."

आमच्याकडे जनाजा उचलण्याआधी अंगणात कुणीतरी तीनदा विचारतं, गेलेला माणूस चांगला होता का. जमलेले लोक तीनदा 'चांगला' म्हणतात. ती साक्ष बरोबर घेऊन माणूस पुढे जातो.

मी म्हटलं, "त्याला मोदिनबाबा आहेत की. मशिदीचं सगळं तेच बघतात."

त्याने पाटी पुसून पुन्हा लिहिलं. "लोक तिथेही थट्टा करतील. मला भीती वाटते. आधी सांग त्यांना, एकदाच सरळ उत्तर द्या."

"आधी मर तर खरा," मी म्हटलं. तो हसला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

मंगळवारी पहाटे तो गेला. चार गावं लोटली. बायका कमरेवर तांदळाची घमेली घेऊन आल्या. जनाजा अंगणात आणला, मोदिनबाबांनी मला पुढे केलं. आधी लोकांना बजावायचं होतं, सगळं पाठ करून आलो होतो. पण हिरव्या चादरीकडे बघितलं आणि दोन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही असं वाटलं, म्हणून एकदम प्रश्नालाच हात घातला. आणि तो विचारायला माझ्यापाशी एकच आवाज होता, मंचावरचा.

"हा माणूस चांगला होता का?"

"नाही!"

सगळं अंगण एका सुरात. एकतीस वर्षांची सवय ती. दुसऱ्याच क्षणी लोकांनी तोंडावर हात ठेवले. पुढचा एक म्हातारा मटकन खाली बसला. आणि मी, मूर्खासारखा, जनाज्याकडे बघत त्याच्या वाक्याची वाट पाहत उभा. त्याने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीही मी मातीत मिळवली.

सुपिनाहवहिनी दारात उभ्या होत्या. नवऱ्याचा एकही खेळ त्यांनी कधी चुकवला नव्हता. त्या सावकाश म्हणाल्या, "पुन्हा विचार, वाकिदी. उपाशी आहेत बिचारे."

कुणी हसलं नाही. मी विचारलं. "चांगला होता," लोक म्हणाले. पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी शब्द ऐकूच आले नाहीत, रडणंच ऐकू आलं.

सातव्या दिवशी दुवा झाली, माणसं पांगली. मी वहिनींपुढे बसून पाटीवरचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "माफ करा वहिनी, मला बजावायला सांगितलं होतं त्याने."

"ठाऊक आहे मला, भावोजी. तेव्हा पाटी त्यांच्यापुढे धरून मीच बसले होते ना?"

"मग तुम्हाला राग नाही आला?"

वहिनी कॉफीचे कप गोळा करत होत्या. त्यांचा हात थांबला.

"लोक 'नाही' म्हणाले ना, तेव्हा मला वाटलं, आता हे बोलतील. मी थांबले, भावोजी. ते थांबायचे त्याहून जास्त थांबले."