महागिरीच्या नारळाचं तेल

हे कोणी खरं मानणार नाही, आणि जो मानेल तो मंडालेचा नव्हे. पण आमच्याच गल्लीतल्या मा थिंझाच्या डाव्या अंगठ्याचं नख एकदा असं काही वाढलं, की त्याच्या धाकाने लोहारआळीतल्या ऐरणी दिवसभर गप्प बसल्या.

थिंझा सौंग वाजवायची. होडीच्या आकाराची ती वीणा मांडीवर घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या अंगठ्याचं नख तारेला टेकवून सूर चढवायचा. नख पक्कं असेल तर सूर पक्का. आणि थिंझाचं नख म्हणजे कांद्याचं साल. पदर सुटायचे, कडा तडकायच्या, जरा कुठे वाढलं की लुंगीच्या धाग्यात अडकून मोडायचं. मोडणार नाही तर काय. सकाळभर पोर मावशीच्या मोहिंगाच्या, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांच्या, गाडीवर सोड्याच्या पाण्यात वाडगे धुवायची.

तिचे गुरू सया पो ल्हा आता थकले होते. त्यांच्याकडे रेशमी तारांची जुनी वीणा होती, आणि दिव्यांच्या पौर्णिमेला शिष्य पाया पडायला येतील तेव्हा ती थिंझाला द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. अट एकच. त्या दिवशी सगळ्यांसमोर चढे सूर स्वच्छ वाजले पाहिजेत. नाही वाजले तर वीणा रंगूनच्या पुतण्याकडे जाणार होती, आणि तो ती काचेच्या कपाटात ठेवणार होता. त्या कपाटाचं नाव निघालं की थिंझा दुप्पट वेळ सरावाला बसायची.

सयांनी उपायही सांगितले होते. वाडगे धुताना रबरी हातमोजे घाल. नखाला कात्री नको, बारीक कानशीने एकाच दिशेने घास, मागेपुढे करवत चालवू नकोस. तीळ खा, वाटाणे खा, अंडं खा. रोज निजताना नखाच्या मुळाशी खोबरेल चोळ. आणि धीर धर. यातलं बाकी सगळं थिंझाने केलं. धीर तेवढा बाजारात मिळाला नाही.

पौर्णिमा जवळ आली आणि घरातलं खोबरेल संपलं. नेमका त्याच दिवशी मावशीने आग्नेयेच्या खांबावर घरराख्या देवाचा, महागिरीचा, नवा नारळ टांगला होता, लाल फडक्यासकट, आणि पाणी आटलेला जुना नारळ नदीवर न्यायचा म्हणून दारात ठेवला होता. थिंझाला वाटलं, हा तर देवाच्या नोकरीतून सुटलेला, याचं कोणाला काय. तिने तो फोडला, खवला, पिळला, चुलीवर चढवला आणि तेल सुटेपर्यंत ढवळत बसली. वासाने शेजारचं मांजरसुद्धा दारात येऊन बसलं.

तेल चोळून झाल्यावर मावशी आली आणि दारातला नारळ कुठे गेला म्हणून विचारू लागली. थिंझा म्हणाली, नदीत सोडला. बरं केलंस, मावशी म्हणाली. पलीकडच्या वस्तीत एकीने तसलाच नारळ चुलीवर ठेवला होता, तर तिच्या... एवढ्यात गिऱ्हाइकाने मोहिंगा मागितला, आणि मावशी निघून गेली. त्या बाईचं काय झालं ते थिंझाला कळलंच नाही.

पण आपण काय केलं ते मात्र कळलं. महागिरी हा देव होण्याआधी लोहार. राजाने त्याला चाफ्याच्या झाडाला बांधून जिवंत जाळलं. अंगाची ती काहिली अजून गेली नाही म्हणून तर घरोघरी त्याला नारळ टांगायचा. आणि त्याच्या गारव्याचा नारळ हिने चुलीवर रटरटवला होता.

सकाळी उठून पाहते तर नख चांगलं गव्हाच्या दाण्याएवढं वाढलेलं. आधी हरखली. मग बोट लावून पाहिलं तर ते गरम होतं. दुपारी त्याचा रंग तव्यासारखा झाला. वाडग्यावर टिचकी बसली तर वाडगा घंटेसारखा वाजला आणि दुभंगला. अंगठ्याला ओलं फडकं गुंडाळलं, ते वाळून करपलं. आणि खांबातून आवाज येऊ लागला, ऐरणीवर हातोडा पडावा तसा, ठण, जरा थांबून पुन्हा ठण. मावशीला तो ऐकू येत नव्हता, आणि थिंझाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या खांबाकडे पाठ करायची तिला भीती वाटे, आणि तोंड करायची त्याहून जास्त.

गुरुवारी नख बोटभर झालं. कानस घातली तर कानसच गुळगुळीत झाली. कात्री घातली तर पात्याला दाते पडले. ही बातमी लोहारआळीत पोचली आणि तिथल्या ऐरणी दिवसभर गप्प बसल्या. घाबरत घाबरत तिने सरावाच्या वीणेला नख टेकवलं, तर तार तुटली आणि जळक्या केसांचा वास सुटला. सयांच्या रेशमी तारांचं काय होईल हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. तारा जातील, मग लाकूड पेटेल, सया बघत राहतील. आणि पौर्णिमा येत होती नेमकी शुक्रवारी. शुक्रवारी नखाला लोखंड लावायचं नाही, त्यातून थिंझा जन्मली शुक्रवारची. आमच्याकडे शेंबडं पोरही एवढं जाणतं. म्हणजे आता कापायचीही सोय उरली नाही.

शुक्रवारी उजाडताच ती एक कोवळा नारळ फोडून घेऊन खांबापुढे गेली. तिथे गुडघे टेकले.

“धनी, तुमचा नारळ नदीत नाही गेला. मी चुलीवर ठेवला,” ती म्हणाली. “हवा तर अंगठा घ्या. सयांची वीणा जाळू नका.”

आणि अंगठा नारळात बुडवला. पाणी चर्रकन उकळलं, वाफ छपराला लागली, वरचा नारळ फडक्यासकट गदगदा हलला. मग ठण ठण थांबलं. मागे मावशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“त्या बाईचं काय झालं, मावशी?” थिंझाने रडत विचारलं.

“काही नाही. तिचा तवा फुटला,” मावशी म्हणाली. “चल, सया वाट बघत असतील.”

थिंझा सयांची वीणा मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर बसली. नख आता गार होतं, लांबलचक आणि काळंभोर. तिने ते तारेला टेकवलं. तार जळली नाही. सूर चढला तो नदीपार गेला, आणि सगाईंगच्या टेकडीवरच्या घंटांनी त्याला आपणहून जबाब दिला. सयांनी वीणा तिच्या मांडीवर तशीच राहू दिली. मग म्हणाले, एवढं नख घेऊन पोर जेवणार कशी, आणि तिथेच कात्री मागवून लोण्यासारखं ते कापलं. तो तुकडा हा बघा, माझ्या पानाच्या डबीत आहे.

आजोबांची गोष्ट ऐकत चुलीशी बसलेली चहावाली डो टिन कढईतली पिठाची लांबट भजी उलटवत म्हणाली, “आजोबा, शुक्रवारी शेंबडं पोरही नख कापत नाही म्हणालात ना मघाशी? मग सयांनी कापलं कसं? आणि डबीत आहे ती खेकड्याची नांगी आहे, काल माझ्याच ताटातून उचललीत.”