नेच्याचं पान

टोपली कोटाखाली दडवून सिग्ने टेकडी चढू लागली, तेव्हा स्प्रूसच्या रानात अंधारून यायला लागलं होतं. इथली माणसं एकवेळ घराची किल्ली हातात देतील, पण आपली अळंबीची जागा सांगणार नाहीत. नवऱ्याने, बर्टिलने, ही जागा तिला दाखवली तीसुद्धा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. तीन वर्षांमागे बर्टिल गेला. आता जागा आपली एकटीची, असं ती धरून चालली होती.

पडलेल्या बर्चच्या खोडापाशी ती वाकली. पिवळी अळंबी कुणीतरी कापून नेली होती. देठ अजून ओले होते.

"कुणा मेल्याचे हात शिवशिवले!" ती मोठ्याने म्हणाली.

आणखी शिव्या तोंडात तयार होत्या, पण तेवढ्यात तिला शेवाळ दिसलं. कापलेल्या जागी ते तळव्याने दाबून नीट बसवलेलं होतं. वर नेच्याचं एक पान आडवं ठेवलेलं, आणि बारकी अळंबी तशीच राखलेली. ही बर्टिलची रीत. म्हणजे त्याने मुलालाही, स्टेलानलाही, जागा दाखवली होती आणि बायकोला पत्ता लागू दिला नव्हता.

बर्टिलला मूठमाती दिल्यावर, सगळ्यांदेखत, ती स्टेलानला म्हणाली होती, "बाप मरत होता तेव्हा कुठे होतास?" तेव्हापासून तो घराची पायरी चढला नव्हता. इथून तिचं धुराडं स्वच्छ दिसतं. तो इथे गुडघे टेकून बसला तेव्हा त्यालाही दिसलंच असणार. तिला रडू आवरेना.

बारकी अळंबी तिने तोडली नाहीत. आपल्या बुटांचे ठसे मात्र हाताने पुसले. आई इथे येते हे कळलं, तर तो इथेही यायचा बंद होईल.

खाली रस्त्यावर शेजारची मायब्रिट कुत्र्याला फिरवत होती.

"पाय मोकळे करायला गेलेलीस? टोपली घेऊन?"

"तू कुत्रं फिरवतेस, मी टोपली फिरवते."

मायब्रिट खो खो हसली. "बरं, दुपारी स्टेलानची गाडी दिसली गं वळणावर. मिटलं म्हणायचं तुमचं?"

"मिटलं."

"बरं झालं बाई. काही खाऊन गेला का?"

"कॉफी घेतली. वेलचीचे पाव खाल्ले, दोन."

मायब्रिटने टोपलीत डोकावून पाहिलं. "आणि हिच्यात काहीच नाही?"

"सगळी त्यालाच दिली," सिग्ने म्हणाली आणि घराकडे वळली.