बाळच्या नावावर

दुकानाचा फोन वाजला की हल्ली भाऊ दचकायचे. आधी असं नव्हतं. आधी फोन म्हणजे कुणाच्या तरी चष्म्याची दांडी तुटलेली असायची, नाहीतर काचा तयार झाल्या का याची चौकशी. आता घंटी ऐकली की चिमट्यातला इवलासा स्क्रू हमखास खाली पडायचा आणि तो शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली रांगता येतं, याचंच भाऊंना बरं वाटायचं. पण पलीकडचा माणूस चिवट होता. घंटी थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

तो म्हणायचा, मी वसुली खात्यातून बोलतोय. कुठलं खातं, कुणाची वसुली, हे नीट विचारायचा धीर भाऊंना कधी झाला नाही. गिऱ्हाईक सुटे पैसे द्यायला विसरलं तर गिऱ्हाइकापेक्षा भाऊच ओशाळे होत, असा तो स्वभाव. त्या माणसाने पहिल्याच दिवशी बाळचं पूर्ण नाव घेतलं, बाळ वारल्याची तारीख सांगितली, आणि मग जे सांगितलं त्याने भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. बाळने म्हणे मोठं कर्ज काढलं होतं. कागदांवर सह्या केल्या होत्या. ते फिटलं नाही तर बाळच्या बायकोची गाडी उचलून नेणार होते.

बाळ म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडली तरी घरात तो बाळच राहिला आणि बाळ असतानाच गेला. माणूस गोड, पण संसाराच्या बाबतीत आनंदीआनंद. कधी मधमाश्या पाळ, कधी जुने रेडिओ गोळा कर. शेजाऱ्याची शिडी आणायचा आणि सहा महिन्यांनी, दोन मोडक्या पायऱ्या नव्या बसवून, परत न्यायचा. शेजाऱ्याने मध्यंतरी नवी शिडी घेतलेली असायची. असा माणूस कर्ज काढेल का, या प्रश्नाला भाऊंच्या मनाने फार लवकर हो म्हटलं. आणि गाडी म्हणजे तरी काय, बाळच्या बायकोची भाकरीच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत.

तेव्हा भाऊंनी पैसे भरले. फोनवरून, तो सांगेल त्या नंबरावर. दुसऱ्या वेळी नंबर वेगळा होता, तेही त्यांना जरा खटकलं, पण विचारलं नाही. एकच विनंती केली, की हे ताईला कळू देऊ नका. ताई त्यांची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, दुकानामागच्या दोन खोल्यांत एकत्र राहायची. बाळला ताईनेच अंगाखांद्यावर वाढवलेला. बाळने असं केलं हे ऐकून ती खचेल, अशी भाऊंना धास्ती. तो माणूस समजूतदारपणे म्हणाला होता की अर्थातच, हे आपल्या दोघांतच राहू द्या.

आज सकाळी त्याने तिसऱ्यांदा मागितले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर धाकटीच्या दारात माणसं पाठवतो म्हणाला. भाऊंनी हो साहेब म्हटलं, फोन ठेवला, हातातली काच घासून संपवली, चाक बंद केलं आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले.

मधल्या पडद्यापाशी त्यांचे पाय थांबले. ताई ओट्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. कानाला फोन, पदर तोंडाशी.

"हो साहेब. समजलं साहेब," ती हळू आवाजात म्हणत होती. "पण भाऊला यातलं काही कळू देऊ नका. त्याचं मन फार हळवं आहे."

भाऊ तिथेच स्टुलावर बसले. ताईने वळून पाहिलं आणि तिचा हात आपोआप खाली आला. फोनमधला आवाज पदराशी पुटपुटत राहिला, मग बंद झाला. दोघांचेही चेहरे लपवलेला खाऊ सापडलेल्या पोरांसारखे झाले होते.

"तूही?" ताईने विचारलं.

"दोनदा," भाऊ म्हणाले.

"मी तीनदा," ताई म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

मग एकेक उलगडत गेलं. बाळ गेल्यावर रोज जेवताना त्याचा विषय निघायचा, तो अलीकडे निघेनासा झाला होता. भाऊंना वाटे ताईला त्रास होतो म्हणून ती टाळते. ताईला वाटे भाऊला. खरं तर दोघंही मनातल्या मनात बाळवर रागावून बसली होती आणि तो राग एकमेकांपासून झाकत होती. त्या फोनवाल्याला दोन गिऱ्हाइकं मिळाली होती, एका छपराखाली, आणि दोघंही आपणहून तोंडाला कुलूप लावणारी. एवढी सोय त्याला दुसऱ्या कुठल्या घरात झाली असती कुणास ठाऊक.

आता संशयाला दोघांचंही बळ मिळालं. एकाच कर्जाचे पैसे एक माणूस दोघांकडून गुपचूप घेतो, हे कुठलं खातं? पण ताईची भीती अजून गेली नव्हती. थोडं जरी खरं असलं तर? धाकटीची गाडी गेली तर? भाऊंच्या मनातही तेच होतं. त्या माणसाने धाकटीला गाठायच्या आत तिच्या कानावर आपणच घालू, असं ताईने ठरवलं, चपला घातल्या, आणि दुकानाला दिवसाढवळ्या कुलूप लागलं.

धाकटी त्यांना चौकापलीकडच्या मोकळ्या रस्त्यावर सापडली. गाडी गोगलगायीसारखी चालली होती. चालवायला एक आडदांड बेकरीवाला होता, पण स्टिअरिंग त्याने असं धरलं होतं जसं काही ते सोडलं तर सांडेल. धाकटी शेजारी बसली होती. तिच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता. दीर आणि नणंद हातवारे करत रस्त्याच्या कडेने धावताहेत हे पाहून तिने गाडी थांबवायला लावली. काय झालं ते मागे बसून सांगा, म्हणाली, यांचा तास चालू आहे, यांनी पैसे भरलेत.

गाडी पुन्हा हलली. भाऊंनी सुरुवात केली, ताईने मध्ये मध्ये भर घातली. कर्ज, सह्या, वसुली खातं, गाडी उचलून नेणं. दोघांनी पैसे भरले या ठिकाणी पोहोचताच धाकटीने ब्रेक दाबला. बेकरीवाल्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, त्याने माफी मागितली.

"तुमचं नाही हो," धाकटी त्याला म्हणाली आणि पूर्ण मागे वळली. "तो फोन तुमच्या आधी मला आला होता."

तिने सांगितलं ते अगदी थोडक्यात होतं. फोन आला, तशी तिने विचारलं, कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव काय, कचेरी कुठे, आणि हे सगळं पत्राने पाठवा. तो म्हणाला पत्र नाही, वेळ नाही, आज भरा, कुणाला सांगू नका. कुणाला सांगू नका म्हटल्याबरोबर तिला कळलं. घाई करायची, धाक घालायचा आणि तोंड बंद ठेवायला सांगायचं, हा खऱ्या सावकाराचा रिवाज नाही. तिने त्याचा नंबर बंद करून टाकला आणि तासाला निघून गेली. तुम्हाला सांगितलं नाही ही माझी चूक, ती म्हणाली. मला वाटलं, उगाच तुमच्या जिवाला घोर.

"पण त्याला बाळचं सगळं माहीत होतं," ताई म्हणाली. "तारीख, आमची नावं, तू गाडी शिकवतेस ते."

"वर्तमानपत्रात बातमी कुणी दिली होती?"

भाऊंनी दिली होती. बाळ गेल्याची बातमी त्यांनी स्वतः बसून, चार वेळा खोडून, लिहिली होती. मागे कोण कोण आहे, धाकटी काय करते, सांत्वनासाठी दुकानाचा, घरचा आणि धाकटीचा फोन. त्या माणसाला आणखी काय हवं होतं?

"आणि सह्या म्हणे," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि तो फोनवाल्यावर चढलेला नव्हता. "सही करायची म्हटली की त्याच्या पोटात दुखायचं. आमच्या लग्नाच्या कागदावर सही करायला त्याला दोन माणसांनी धरून नेलं होतं, त्यातले एक तुम्ही होतात. कर्ज सोडा, त्याला कुणी छत्री उसनी देत नव्हतं. आणि समजा घेतलंही असतं, तरी तुम्ही जामीन होतात का? त्या कोण कुठल्या माणसाने सांगितलं आणि तुम्ही मानलंत. बाळला एवढंच ओळखलंत?"

ताईने पदर चाळवला. भाऊंना वाटलं दार उघडून उतरावं आणि चालत जावं, कुठेही. पैसे गेले त्याचं एवढं काही वाटत नव्हतं. पण बाळ त्या फोनमध्ये नव्हता, स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नव्हता, आणि त्याच्यासाठी बोलायची ज्यांची जागा होती त्यांनीच हो साहेब म्हटलं होतं.

तेवढ्यात भाऊंनी निघताना खिशात टाकलेला दुकानाचा फोन वाजला. तोच नंबर. धाकटीने हात पुढे केला, द्या इकडे, म्हणाली.

"नको," भाऊ म्हणाले. "मीच बोलतो."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. बेकरीवाल्याने कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

पलीकडून नेहमीची सुरुवात झाली. भाऊंनी त्याला मध्येच थांबवलं. आयुष्यात त्यांनी कुणाचं बोलणं असं तोडलं नव्हतं. त्यांनी संस्थेचं नाव विचारलं. तो म्हणाला ते गोपनीय आहे. त्यांनी कचेरीचा पत्ता विचारला. तो म्हणाला, आता पत्त्याची वेळ गेली, पोलीस निघालेत.

"मग येऊ द्या," भाऊ म्हणाले. वाक्य कुठेही मोडलं नाही. "आम्हीही पोलिसांकडेच निघालोय. वाटेत भेट होईल."

मग त्या माणसाने साहेबी भाषा सोडली. तुमचा भाऊ लबाड होता, लोकांना बुडवून मेला, असं काहीबाही तो बोलू लागला. ताईने पुढे वाकून फोन जवळ ओढला.

"त्याला लबाड म्हणायचं तर मी म्हणेन," ती म्हणाली. "मी त्याला न्हाऊमाखू घातलंय. तू कोण रे? तुझ्या मागण्या सगळ्या लिहून काढ आणि सही करून पाठव. तोवर इथून फुटकी कवडी मिळायची नाही."

फोन पलीकडूनच बंद झाला. मग बेकरीवाल्याने अदबीने विचारलं, पोलीस ठाण्याकडे घेऊ का? त्याने आजवर रहदारीत गाडी घातली नव्हती. धाकटी म्हणाली, घ्या, आज नाही तर कधी घेणार? आणि ते वरात निघावी तशा चालीने, मागच्या सगळ्या गाड्यांच्या शिव्या खात, ठाण्यापर्यंत पोहोचले. वाटेत ताईने बँकेला फोन करून पैसे कुठल्या कुठल्या नंबरांवर गेले ते सांगितलं. बँकेतली मुलगी म्हणाली प्रयत्न करू, लवकर कळवलं असतं तर बरं झालं असतं. ताईने तेही गुमान ऐकून घेतलं.

ठाण्यातला हवालदार कंटाळलेला होता. अशा तक्रारी रोज येतात, पैसे परत मिळतीलच असं नाही, उद्या साहेब आले की या, असं तो म्हणाला. एरवी भाऊ बरं म्हणून उठले असते, वर त्याचे आभारही मानले असते. आज ते बाकावर नीट टेकून बसले.

"तुम्ही लिहून घ्या," ते म्हणाले. "घेईपर्यंत मी इथेच आहे. दुकान बंद करून आलोय."

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि कागद ओढला. नंबर लिहिले, रकमा लिहिल्या. बाहेर धाकटीने हॉर्न वाजवला. गाडी लावू नये अशा जागी लावली होती आणि बेकरीवाला स्टिअरिंगमागे घामाघूम झाला होता.

"एकूण नुकसान एवढंच ना?" हवालदाराने विचारलं.

ताई म्हणाली, एवढंच. भाऊ म्हणाले, नाही.

"आमचा भाऊ कर्ज बुडवून गेला असं आम्हाला वाटायला लावलं त्याने. आम्ही त्याचं नाव घ्यायचं सोडलं होतं घरात. तेही लिहा."

"ते कुठे लिहू, आजोबा? त्याला इथे जागा नाही."

"खाली मोकळी जागा आहे की," भाऊ म्हणाले, आणि वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी बोट ठेवून ती दाखवली. "इथे. सावकाश लिहा. पहिल्यांदा त्याचं नाव लिहा, पूर्ण. मी सांगतो."