तेरा खण आणि निंबाचा दोरा

मशीन दर वेळी तिसऱ्याच डिझाइनला का अडतं, हे धनश्रीला शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी कळलं. दोन दिवस ती हेच शोधत होती. त्या क्षणी मात्र तिला चक्क हसू आलं.

ती लखनच्या मागे स्टुलावर बसून नुसती बघत होती. लखन म्हणजे भाईदासशेठच्या स्टुडिओतला साडीचा डिझायनर. हात असा, की डोळे मिटून कोयरी काढेल. खालून चहावाल्याची हाक आली. लखनने डिझाइन सेव्ह केलं, पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि प्रोग्रॅम जिथल्या तिथे मारून टाकला.

धनश्रीने विचारलं, "हे काय केलंस?"

"मारला त्याला. नीट बंद करायला गेलं की चार मिनिटं घेतो, धनश्रीबेन. तोवर चहाचं पाणी होतं."

"रोज असंच करतोस?"

"रोज नाही. दर चहाला."

आता हसू का आलं ते कळायला मशीनच्या पोटात थोडं डोकवावं लागेल, आणि ते काही अवघड नाही. साडीवर छापायच्या प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी असते. म्हणून संगणकातही प्रत्येक रंगाचं चित्र वेगळं ठेवावं लागतं. ही चित्रं ठेवायची जागा ग्राफिक्स कार्डावर असते. स्टुडिओतल्या कार्डावर मेमरी होती चार मेगाबाइट. पडद्याला लागणारा भाग बाजूला काढला, की उरलेल्या जागेचे बरोबर तेरा खण पडत, मिसळणाच्या डब्यात पडतात तसे. एका रंगाला एक खण.

खण कोणाला द्यायचा आणि परत कधी घ्यायचा, हे ठरवणार ड्रायव्हर. ड्रायव्हर हा कार्डाशी बोलणारा छोटासा प्रोग्रॅम, आणि तो राहतो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात. हे सगळं १९९८ मधलं. शेठनी आणलेल्या कार्डासाठी लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर कुठे मिळेना, तेव्हा "मी लिहिते" असं धनश्रीच बोलून बसली होती. चार महिने खपून तिने तो लिहिला.

एकच खण कधी कधी दोघांच्या कामाचा असे. लखन ज्यात रंग भरी तो एक प्रोग्रॅम, आणि नेसल्यावर पूर्ण साडी कशी दिसेल ते दाखवणारा दुसरा. म्हणून धनश्रीने प्रत्येक खणापाशी एक आकडा ठेवला होता. खण घेणारा आला की आकडा एकाने वाढे. तो निरोप घेऊन गेला की एकाने उतरे. शून्य झाला की खण मोकळा.

पण लखन ज्याला मारून टाकी, त्या प्रोग्रॅमला निरोप घ्यायची उसंतच मिळत नव्हती. लखनची डिझाइनं सहा रंगांची, आणि प्रत्येकानंतर एक चहा. एकदा मारलं की सहा खण अडकले. दोनदा मारलं की बारा. तिसऱ्या डिझाइनला उरला एक, आणि बाकी पाच खणांची वाट बघत पडदा थिजून जाई. मशीन बंद करून चालू केलं की तेराच्या तेरा पुन्हा मोकळे, त्यामुळे मागे काही खूणही उरत नसे. धनश्री स्वतः तपासायची तेव्हा दर वेळी नीट बंद करायची. तिच्या घरात "येते" म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. प्रोग्रॅमही तसेच वागतील, असं तिने न विचार करताच धरलं होतं.

शनिवारी अकरा वाजता कडोदऱ्याचे मिलवाले बन्सीलालभाई मशीनवरची डिझाइनं बघायला येणार होते. त्यांच्यासमोर मशीन अडलं तर ते गुंडाळून ठेवायचं आणि परत ट्रेसिंग पेपरवर यायचं, हे शेठनी आवाज न चढवता सांगितलं होतं. मशीन गेलं की धनश्रीचं काम गेलं. आणि तिचं काम टिकलेलं पाहूनच वडिलांनी, म्हणजे आबांनी, धाकट्या बहिणीला, सुषमाला, मागाच्या कांड्या भरायला बसवायच्या ऐवजी डिप्लोमाला घातलं होतं.

कारण सापडल्यावर धनश्रीने सोपा उपाय केला. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, प्रोग्रॅम मारू नये. लखनने तो शांतपणे वाचला.

"लावा, बेन. जिन्यातही एक लावलाय, इथे थुंकू नये म्हणून. सगळे त्याच्यावरच नेम धरतात."

कागद तिने चिकटवला नाही. टेबलावर उलटा टाकला आणि दुपारी घरचे डबे घेऊन लिंबायतच्या खात्यावर गेली. खातं म्हणजे मागांचा कारखाना. तिचे वडील शालिग्राम तिथे मुकादम होते, आई पुष्पाबाई कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी म्हणजे कांडी. भरलेल्या कांड्यांचा एक क्रेट दोन मागांच्या मध्ये ठेवत आणि दोघे कारागीर त्यातून घेत. ज्याला क्रेट लागतो त्याने त्याच्या कडीला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा, आपलं काम झालं की सोडायचा. कडीला एकही दोरा नसला की क्रेट पुष्पाबाईकडे परत. धनश्री लहानपणापासून हे बघत आली होती. खणांचा आकडा तिला सुचला तो इथूनच.

आईने तोंड बघूनच विचारलं. मागांच्या खडखडाटात जेवढं ओरडून सांगता येईल तेवढं धनश्रीने सांगितलं. लखन प्रोग्रॅम मारतो, मेलेला प्रोग्रॅम निरोप घेत नाही, जागा अडून राहते, सगळी चूक लखनची.

पुष्पाबाईंचा हात कांडीवर चालूच होता. "मरेल माणूस काय 'येस' सांगीसन जास का, पोरी?"

मेलेला माणूस 'येतो' म्हणून जात नाही, हे धनश्रीला मान्य करावं लागलं. आईने हनुवटीने पलीकडे दाखवलं. आबा क्रेटांमधून फिरत होते. निंबा नावाच्या कारागिराचा भाऊ गावी वारल्याचा निरोप पहाटे आला होता, आणि तो माग तसाच टाकून अंमळनेरच्या गाडीला पळाला होता. त्याचे हिरवे दोरे तीन क्रेटना लटकत राहिले होते. आबा एकेक शोधून सोडत होते. कोणी गेला की ही फेरी मुकादमानेच मारायची, ही खात्याची रीत. निंबाला कोणी बोल लावत नव्हतं.

धनश्री जवळ गेली. निंबा नाही तर त्याचे तिन्ही क्रेट सरळ उचलून आईकडे का देत नाही, असं तिने विचारलं.

आबांनी तिसऱ्या क्रेटची कडी तिच्यासमोर धरली. हिरव्या दोऱ्याशेजारी एक पिवळा होता. "हाऊ दत्तूना. दत्तू आजून इनी राह्यना. निंबाना दोरा सोडना, दुसरास्ना दोराले हात नही लावना."

त्यांनी हिरवा सोडून खिशात टाकला. पिवळा तसाच राहिला, आणि शेजारच्या मागावर विणत असलेल्या दत्तूने वर न बघता त्याच क्रेटमधून कांडी घेतली.

धनश्री त्या पिवळ्या दोऱ्याकडे बघत राहिली. तिचे खण किती जणांनी धरलेत हे ड्रायव्हरला माहीत होतं. कोणी धरलेत हे माहीत नव्हतं. तिचे सगळे दोरे पांढरेच होते. म्हणून एखादा मेला तर त्याचा कुठला ते ओळखायची सोयच नव्हती. आणि मेल्याची खबर? ती तर कर्नल प्रत्येक वेळी देतो. प्रोग्रॅम कसाही जावो, त्याने उघडलेलं सगळं कर्नल स्वतः बंद करतो आणि ड्रायव्हरला तसं सांगतो. ती खबर घ्यायची जागाही तिने ड्रायव्हरमध्ये ठेवली होती, फक्त आत काही लिहिलं नव्हतं. कारण तिच्या लेखी सगळे निरोप घेऊनच जाणार होते.

ती न जेवताच निघाली. पुष्पाबाईंनी मागून हाक मारून भाकरी हातात कोंबली, आणि रिक्षात बसून तिने ती सगळी संपवली.

स्टुडिओत येऊन तिने उलटा पडलेला कागद ओढला आणि कोऱ्या बाजूवर आखणी केली. जो प्रोग्रॅम येईल त्याच्या नावाची एक यादी. त्याने खण घेतला की यादीत चढवायचा, नीट परत दिला की खोडायचा. तो गेल्याची खबर आली की यादीत उरलेले खण एकेक घ्यायचे, प्रत्येकाचा आकडा एकानेच उतरवायचा आणि शून्य झाला तरच खण मोकळा करायचा. लिहायला चाळीसेक ओळी लागल्या. पाच वाजता तिने लखनला बोलावलं.

"मार."

लखन जरा बिचकला. सकाळी ज्यावरून कागद लिहिला, तेच आता करायला सांगत होती. त्याने साडी दाखवणारा प्रोग्रॅम उघडाच ठेवून रंगांचा प्रोग्रॅम मारला. साडी पडद्यावर होती तशी राहिली. एक रंग हलला नाही. मग तिने दुसराही मारायला लावला आणि ड्रायव्हरला विचारलं, मोकळे खण किती? पडद्यावर आकडा आला, तेरा. सहा वाजेपर्यंत लखनने तीसदा प्रोग्रॅम मारला. दर वेळी तेरा. शेवटी तोच कंटाळला.

शनिवारी बन्सीलालभाई अकराला आले. सोबत त्यांची सून नीलम होती, आणि बघणारी खरी तीच होती. ती सांगत गेली, या साडीचा काठ घ्या, त्या साडीचा पदर घ्या, पोपटी नको, राणी रंग करा. तिसरं डिझाइन उघडताना भाईदासशेठ उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि रस्त्याकडे बघू लागले. डिझाइन उघडलं. मग चौथं, मग पाचवं. सहाव्याला शेठ परत येऊन खुर्चीत बसले.

तेवढ्यात खालून चहावाल्याची हाक आली. लखनचा हात आपसूक दुसऱ्या खिडकीकडे गेला, आणि मध्येच थांबून त्याने धनश्रीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने प्रोग्रॅम मारला आणि खाली गेला. नीलमने विचारलं, बिघडलं का काही? धनश्री म्हणाली, नाही, ते चहाला गेलेत.

पाहुणे दीड वाजता निघाले. जाताना बन्सीलालभाई शेठना म्हणाले, की सोमवारी दिवाळीची आठ डिझाइनं पाठवतो. शेठनी विरून चाळणीसारखा झालेला रुमाल काढून मान पुसली, आणि ट्रेसिंगचं टेबल माळ्यावर चढवायला माणूस बोलावला.

लखनने तिच्यासाठी दुसरा कप मागवला होता. धनश्रीने बशीत न ओतता सरळ तोंडाला लावला. जीभ पोळली, इतका गरम होता.