कंसातला हशा

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी, आमचं टेबल असतं. एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला विरोधक आणि मध्ये आम्ही प्रतिवेदक, म्हणजे जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घेणारी माणसं. आळीपाळीनं येऊन बसायचं, आपल्या वाटणीचं लिहायचं, पुढची आली की उठून खोलीत जायचं आणि टाइप करायचं. सभागृहात आमची गणती टेबलखुर्च्यांत होते. माझी त्याला कधीच तक्रार नव्हती. खुर्चीला कोणी शत्रू नसतात.

विरोधी पक्षाच्या पहिल्या बाकावर एक आमदार बाई बसतात. त्यांना पाठीमागे सगळे पुन्हाबाई म्हणतात, कारण मंत्र्याचं उत्तर संपलं की त्या उठतात आणि म्हणतात, "पुन्हा विचारते, अध्यक्ष महोदय." पाण्याचं धोरण, औषधांचं धोरण, वीजदराचं धोरण, काही सोडत नाहीत. सरकारं आली, गेली, बाई आपल्या जागी. लेखी उत्तरात 'हे अंशतः खरे आहे' असं आलं की त्या विचारणार, "कोणता अंश?" 'प्रश्न उद्भवत नाही' असं आलं की म्हणणार, "उद्भवलाय म्हणून तर मी उभी आहे." मंत्री त्यांना वैतागतात. खरं सांगायचं तर आम्हीही वैतागतो, कारण बाई भरभर बोलतात आणि लिहून लिहून बोटं दुखतात. पण त्यांचं एकही वाक्य कधी अर्धं राहत नाही. आम्हाला तेवढं पुरतं.

त्या दिवशी प्रश्न डंपरचा होता. खाणीचे डंपर दिवसा वस्तीतून जाऊ द्यायचे नाहीत, असं सरकारचं धोरण. धोरण कागदावर होतं आणि डंपर रस्त्यावर. चाकाखाली माणसं गेली होती, त्यात एक शाळेतून येणारी मुलगी. खाण होती रस्ते खात्याच्या मंत्र्यांच्या मेहुण्याची, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

"पुन्हा विचारते, अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या. "दिवसा डंपर सोडायची परवानगी दिली कोणी? दिली नसेल तर ते अडवत का नाहीत? आणि खाण कोणाची आहे?"

रस्ते खात्याचे मंत्री उठले. "माहिती घेण्यात येत आहे," म्हणाले. त्यांच्या माइकचा लाल दिवा विझला. मग बसता बसता, आवाज न चढवता, गोड हसून ते समोर बघत म्हणाले, "ताई, मुलगी तुमची त्याच रस्त्यानं सायकलवरून कॉलेजला जाते ना? जपून जायला सांगा. रस्ता चांगला नाही."

त्यांच्या मागच्या बाकावरचे तिघं हसले. पुन्हाबाई उभ्याच होत्या. "पुन्हा," म्हणाल्या आणि पुढे शब्दच आला नाही. तोंड उघडं आणि हात बाकाच्या कडेवर. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. मी सगळं उतरवलं होतं, कारण हात चालूच असतो, डोकं मागून येतं.

खोलीत येऊन टाइप करत होते तेवढ्यात आमचे मुख्य प्रतिवेदक आले. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. निवृत्तीला आलेले, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"त्या आमदार बाई अध्यक्षांच्या दालनात गेल्या होत्या," साहेब म्हणाले. "मंत्र्यांनी धमकी दिली म्हणतात. संरक्षण मागतायत. मंत्री म्हणतात, असं काही बोललोच नाही. अध्यक्ष म्हणाले, उद्या कामकाजाची नोंद बघतो आणि ठरवतो. मी ध्वनिमुद्रण ऐकून आलो. माइक बंद. नुसतं हसणं येतंय." मग त्यांनी दार लोटून घेतलं. "तुम्ही ऐकलंत का?"

"ऐकलं. लिहिलंय."

साहेब खुर्चीत बसले. "नसतं ऐकलं तर बरं झालं असतं," म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

नियम असा आहे की प्रतिवेदकाच्या कानावर पडलं ते खरं, यंत्र फक्त मदतीला. म्हणजे त्या वाक्याला जगात पुरावा होता तो माझ्या वहीतल्या चार वाकड्या रेघांचा.

दुपारी मंत्र्यांचा सहायक आला. इस्त्रीचा माणूस, आवाजालासुद्धा इस्त्री. माझ्या टेबलाशी उभा राहून त्यानं टाइप केलेला कागद वाचला.

"छान," तो म्हणाला. "हे काढा असं मी म्हणतच नाही बरं का, मॅडम. मंत्रीसाहेबांना आठवत नव्हतं, पण तुम्ही लिहिलंय तर बोलले असतील. फक्त एक राहिलंय. लोक हसले होते की नाही?"

"हसले होते."

"मग वाक्यापुढे कंसात हशा घाला. जे झालं ते लिहायचं, एवढंच तर तुमचं काम."

कंस आमच्या हातात असतात. सदस्य बोलतो ते त्याचं, पण कंसातलं आमचं. (हशा), (टाळ्या), (गोंधळ). कंसात हशा आला की शिवीसुद्धा थट्टा होते. सगळं सभागृह हसलं, ज्याला सांगितलं तोही हसला, असाच त्याचा अर्थ धरतात. उद्या अध्यक्ष तो कागद वाचतील, मान हलवतील आणि म्हणतील, बाई, थट्टा होती, मनावर घेऊ नका. आणि डंपर चालू.

तो दाराशी जाऊन वळला. "तुमचे मिस्टर मोटारसायकलनं कारखान्यात जातात ना? त्यांनाही तोच रस्ता पडत असेल." उत्तराची वाट न बघता गेला.

नवरा कुठे काम करतो, हे मी या कचेरीत कोणाला सांगितलेलं नाही. मी त्याला फोन लावला.

"अहो, आज दुसऱ्या रस्त्यानं घरी या."

"दुसरा रस्ता आहे कुठे?"

"मग तिथंच थांबा."

"किती वेळ? जन्मभर?" तो म्हणाला. मग माझा आवाज ओळखून, "काय झालंय?"

मी सांगितलं. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"हसले होते ना लोक?"

"तिघं हसले होते."

"मग लिहून टाक की. खोटं कुठे आहे त्यात? हे बघ, मला हुतात्मा व्हायची हौस नाही. आणि तुलाही विधवा व्हायची नसावी."

मला त्याचा राग आला, कारण मी मनात जे घोळवत होते तेच तो मोठ्यानं बोलला होता. फोन ठेवला आणि कंस उघडला, हशा लिहिलं, कंस मिटवला. इवलासा शब्द. लिहिल्यावर श्वास मोकळा झाला, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी सदस्य आपापली भाषणं तपासायला येतात. काना-मात्रा सुधारता येतो, मजकूर बदलता येत नाही. पुन्हाबाई आल्या त्या भिंतीला धरून आल्यासारख्या. जवळून त्या ठेंगण्या दिसतात. पदर घामानं ओला होता. कागद हातात घेऊन त्यांनी ती ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आमच्या पक्षातले सगळे मला सांगतायत, बाई, तुम्हाला भास झाला. शेजारी बसलेलासुद्धा. मला वाटायला लागलं होतं, खरंच झाला की काय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "सभागृहातून बाहेर पडल्या पडल्या घरी फोन करून पोरीला तिच्या मावशीकडे पाठवायला सांगितलं. परीक्षा आहे म्हणून भांडत होती."

मग त्यांचं बोट कंसापाशी आलं.

"सगळे हसले?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"मला दिसलंच नाही हो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पुन्हा विचारते, सगळे हसले का?"

आरोप नव्हता त्यात. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्या मुलीचा विषय निघाल्यावर अख्खं सभागृह हसलं की काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आणि माझ्या तोंडावर आलं, माहिती घेण्यात येत आहे. इतकी वर्षं ज्यांची उत्तरं लिहीत आले, त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिघं. मंत्र्यांच्या मागचे."

"बाकीचे?"

"बाकीचे गप्प होते."

त्यांनी मान हलवली. कागदाच्या कोपऱ्यात सही केली, काही बदलायला सांगितलं नाही. "भीती मलाही वाटते," एवढं बोलून गेल्या.

मी तो कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग हशा खोडला आणि नव्यानं कंस केला : (मंत्र्यांच्या मागील बाकावरील तीन सदस्य हसले. अन्यत्र शांतता.) खाली प्रतिवेदकाची आद्याक्षरं घालावी लागतात, ती घातली. ती घालतानाच मला जास्त भीती वाटली.

साहेबांनी वाचलं. "असा कंस आपल्याकडे नसतो."

"झालं ते असंच झालं, साहेब."

"हे मला दिसलंच नाही असं धरतो," म्हणाले, आणि सही केली.

नवऱ्याची मोटारसायकल दारात थांबेपर्यंत मी ओट्याला धरून उभी होते. प्रत्येक हॉर्नला दचकत होते. तो आत आला, हेल्मेट काढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "हशा नाही ना लिहिलास?" म्हणाला. काय लिहिलं ते मी सांगितलं. तो जेवला. हात धुताना म्हणाला, "उद्यापासून बसनं जातो. लवकर उठव."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ती नोंद वाचून दाखवली, कंसासकट. त्यांचा आवाज कंसापाशी जरा अडखळला. मंत्री उठून म्हणाले, मी काळजीपोटी बोललो. यावेळी मागच्या बाकावर कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी बाईंच्या घराला संरक्षण द्यायचा आदेश दिला आणि प्रकरण समितीकडे पाठवलं. पुन्हाबाई उठल्या. "पुन्हा विचारते, अध्यक्ष महोदय. खाण कोणाची आहे?" वाक्य पूर्ण केलं आणि बसल्या. बसताना त्यांनी बाक धरला, ते मला दिसलं, पण त्याला कंस नसतो.

मंत्र्यांनी लेखी उत्तर देतो म्हणून सांगितलं आणि कागद गोळा करून ते बाहेर निघाले. दाराकडे जायची वाट आमच्या टेबलावरून जाते. कामकाज चालूच होतं. ते माझ्यापाशी थांबले, वाकले. अत्तराचा वास आला. आवाज तोच, गोड.

"बाई, नाव काय तुमचं?"

माझा हात चालूच होता. प्रश्न लिहून झाला तरी ते तिथेच उभे होते, आणि खाली उत्तराची जागा मोकळी होती. प्रतिवेदकानं सभागृहात बोलायचं नसतं. मी इतक्या वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. तरी मी त्यांना माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, आणि मग तेही लिहून घेतलं.