पाय दाबला तरी गाडी येईना

झाडफूक करणाऱ्या शामिरकान मोल्दोच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मधोमध कुबातची गाडी, तोंड पूर्वेला. पुढच्या चाकांवर मेंढीचं रक्त शिंपडलेलं, आणि आर्चा झुडपाच्या ओल्या फांद्यांचा धूर इतका दाटलेला की माणसं खोकून बेजार झाली होती. मोल्दो ओठ हलवत गाडीला सातवा फेरा घालत होता.

"किल्लीला कुणी हात लावायचा नाही!" तो गरजला. "दोन तास! आत बसलाय तो चिडेल."

"कोण बसलंय, मोल्दोके?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"दुसरं कोण? कुबातचा भाऊ, जोल्दोश! मेलेला माणूस आपली गाडी सहजासहजी सोडतो होय? पेडलखाली पाय घालून बसलाय. बायकोनं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात हात आखडला, मग तो तरी शांत कसा होणार?"

सगळ्या माना बुरुलकडे वळल्या. ती जोल्दोशची बायको. सासूनं तिच्यापासून दोन पावलं बाजूला सरकून घेतलं.

दोन तास भरले. मोल्दो स्वतः गाडीत बसला, पुलापर्यंत सुसाट गेला आणि तसाच परत आला. "घोडा झाला घोडा!" लोक ओरडले. सासू रडत त्याचे हात डोळ्यांना लावू लागली.

वसंतात बुरुल इथेच, अशीच रडली होती. तेव्हा जोल्दोश जिवंत होता. चढाला पेडल दाबलं की दोन-तीन सेकंद गाडी ढिम्म हलायची नाही, मग एकदम हिसका द्यायची. जिल्ह्याच्या गावी नेऊन मिस्त्रीला दाखवतो, असं तो म्हणत होता. बुरुलच म्हणाली होती, "मिस्त्रीला काय कळतंय? आधी मोल्दोकेंकडे चला." मोल्दोनं असाच धूर केला, गाडी पळाली आणि मिस्त्री राहून गेला. आठच दिवसांनी खिंडीत कोळशाच्या ट्रकला ओलांडताना समोरून दुसरा ट्रक आला आणि गाडीची चालकाकडची बाजू चिरत गेला. इस्पितळात जोल्दोश दोन दिवस जगला. "पाय दाबला, बुरुल," हेच म्हणत राहिला. "गाडी आलीच नाही."

दार बदलून, पत्रा ठोकून त्याचा भाऊ कुबात आता तीच गाडी चालवत होता.

सोमवारी कुबात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. बुरुल मागे बसली होती. खिंडीच्या चढाला पुढे गवताचा ट्रक रखडत चालला होता. कुबातनं गाडी बाहेर काढली, पेडल दाबलं. इंजिन नुसतं घुसमटलं. समोरच्या वळणावर टँकर दिसला.

"जोल्दोश! सोड रे बाळा, पाय काढ!" म्हातारी किंचाळली.

कुबातनं ब्रेक दाबून गाडी कशीबशी ट्रकच्या मागे घातली. टँकर आरशाला घासून गेला. गाडी कडेला लावून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. बऱ्याच वेळानं त्यानं किल्ली फिरवली, तर काही झालंच नसल्यासारखी गाडी चालू लागली.

"थांब," बुरुल म्हणाली. अकरा वर्षं ती गावाच्या पाण्याचा पंप सांभाळत होती. "पेट्रोल ओढायलाही पंप असतो ना रे?"

"असतो, वहिनी. मागच्या सीटखाली, टाकीत."

"त्याच्या तोंडाला जाळी?"

"असणारच."

"गाडी वळव."

गावाजवळच्या चढावर त्यांनी गाडी खालीवर पळवली. ती पुन्हा अडू लागली, तेव्हा बुरुलनं ती थेट मोल्दोच्या अंगणात आणून बंद करायला लावली. तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीसाठी गर्दी जमलेलीच होती.

"आता दोन तास थांबायचं," ती म्हणाली. "धूर नाही, मेंढी नाही. आई, तुम्हाला हवं तर शिव्या द्या गाडीला."

म्हातारीनं खरंच दिल्या. पोरगा खाणाऱ्या त्या लोखंडाचा तिनं मनसोक्त उद्धार केला. दोन तासांनी कुबात पुलापर्यंत गेला आणि सुसाट परत आला.

लोक गाडी सोडून मोल्दोकडे बघू लागले.

"माझ्या अंगणाचा गुण आहे तो!" मोल्दो म्हणाला.

"मग पुलापर्यंतच का जाता, मोल्दोके? चला खिंडीपर्यंत. मी शेजारी बसते," बुरुल म्हणाली.

"आज वार बरा नाही."

"वीस वर्षं तुम्ही सामूहिक शेताचा ट्रक हाकलात. जाळी तुंबली की काय करायचात? गाळ खाली बसेपर्यंत ट्रक उभा करायचात ना?"

मोल्दो घाईनं दुसऱ्या गाडीकडे वळला.

"सिगारेटी विझवा आधी!" म्हणत कुबातनं सीट उचलली आणि टाकीतून पंप बाहेर काढला. टोकाची जाळी दिसतच नव्हती. गंज आणि काळा चिखल तिला लिंपल्यासारखा चिकटला होता. बुरुलनं ती थाळीत ठेवून प्रत्येकाच्या पुढे फिरवली.

"आपण गंजक्या पिंपांतलं पेट्रोल भरतो. पंप ओढतो तेव्हा हा गाळ जाळीला चिकटतो. चढाला जास्त पेट्रोल लागतं, ते मिळत नाही. गाडी बंद केली की ओढ थांबते, गाळ गळून पडतो आणि थोडा वेळ सगळं ठीक चालतं. त्या थोड्या वेळाला आपण चमत्कार म्हणत होतो. टाकी धुवायची, जाळी नवी घालायची. बस्स."

म्हातारीनं थाळीत बोट बुडवलं. "म्हणजे हे धुतलं असतं तर माझा जोल्दोश..."

"वाचला असता, आई. तो मिस्त्रीकडे निघाला होता. मीच अडवलं."

सासूनं काळं बोट पदराला पुसलं आणि कुणाकडे न बघता फाटकाबाहेर निघून गेली. बुरुल तिच्यामागे गेली नाही. ती लोकांकडे वळली.

"मी कारण विचारलं नाही. तुम्ही विचारा. गाडी बिघडो नाहीतर माणूस आजारी पडो, जो कारण दाखवेल त्याच्याकडे जा. जो नुसता धूर करतो त्याच्या हातात किल्ली देऊ नका."