नाताळची मासवडी

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या इतर भांड्यांसारखी मी चकचकीत नाही. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. काळी, जड आणि पोटाने खोल. नवी मुंबईतल्या शिरवणे गावात, दाटीवाटीच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी राहते. खिडकीखाली रिक्षांची रांग लागते आणि समोरच्या गिरणीतून दिवसभर दळणाचा वास येतो.

माझा जन्म मात्र इथला नाही. नगर जिल्ह्यातल्या एका लोहाराच्या भट्टीत मी घडले. लोहार सांडशीत लालभडक पत्रा धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. त्या बाईच्या हातांनी मला हे पोट दिलं. आठवड्याच्या बाजारात पुतळाबाईंनी मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि डोक्यावर घेऊन घरी नेलं. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. घर ख्रिस्ती, माणसं पुष्कळ आणि कमाई थोडी. त्या घरात मी पिठलं शिजवलं, डाळ-वांगं शिजवलं, हुलग्याचे शेंगोळे उकळले. जेवणाआधी सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा माझ्यातली वाफ त्यांच्या तोंडावर जाई. कोणी डोळे उघडत नसे.

पुढे पुतळाबाईंचा मुलगा शांतवन तळोज्याच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. घर शिरवण्याला आलं, मीही आले. शांतवनचं लग्न झालं, उज्वला घरात आली, मग करुणाचा जन्म झाला. दिवस बरे होते. रविवारी उपासनेहून परतताना मटण यायचं, कधी जवळच्या दिवाळे गावच्या कोळणीकडून ताजे बोंबील यायचे. मग एके दिवशी गुळगुळीत काळा नॉन-स्टिक तवा आला, त्याच्या मागोमाग तशीच कढई आली. मी जड, घासायला त्रासाची. मला गॅलरीत ठेवलं. काही दिवसांनी माझ्यात माती भरून सदाफुली लावली.

मित्रांनो, झाडाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जिच्या पोटात कायम आग आणि अन्न राहिलं, तिला ओली माती सहन होत नाही. मला गंज चढला. तरी गॅलरी स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येत असे.

त्यामुळेच कंपनी बंद पडल्याचं मला कळलं. शांतवनला दुसरीकडे कंत्राटावर काम मिळालं, पण पगार निम्म्यावर आला. घरात आरडाओरड झाली नाही. उज्वला एवढंच म्हणाली, "अहो, जेवढं हाय तेवढ्यात भागवू. मटण-मच्छी बंद. करुणाची शाळा बंद नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात फक्त भाजी-भाकरी शिजू लागली.

मग नाताळ आला. यांची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, नेरूळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये जमते. नाताळच्या उपासनेनंतर तिथे प्रीतिभोजन असतं. त्यासाठी माणशी वर्गणी होती. वर्गणी न देणाऱ्याला कोणी हाकलत नसे. पण दाराशी टेबल मांडून कुपनं वाटली जात, आणि ज्याच्या हातात कुपन नाही त्याला आपलं आपणच कळत असे.

त्या दुपारी सगळे फार लवकर घरी आले. करुणा नव्या फ्रॉकमध्ये रुसून बसली. शांतवन खाली निघून गेला. उज्वला ओट्याशी उभी राहून सासूला म्हणाली, "आई, आज मी प्रभूच्या वाढदिवशी पोरीशी खोटं बोलले. घरी पाहुणे येणारेत म्हणून तिला जेवणाआधी ओढत आणलं."

"जाऊ दे गं," पुतळाबाई म्हणाल्या.

"नाही आई, ऐका. फाटकात चांगुणाबाई भेटल्या. त्या पण निघालेल्या. मला म्हणाल्या, पोट बरं नाही गं माझं. दरवर्षी त्या हेच सांगतात, आणि मी दरवर्षी कुपन हातात धरून हो म्हणायचे. आज दोघी एकमेकींचं खोटं ऐकून उभ्या राहिलो."

चांगुणाबाई म्हणजे मंडळीतल्या एक विधवा बाई. चार घरची धुणीभांडी करून राहणाऱ्या. उज्वलाने डोळे पुसले आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "आई, गावाकडं मटण मिळायचं नाही तेव्हा नाताळला काय करायचात तुमी?"

उज्वलाने वाहता नळ बंद केला.

"मासवडी," पुतळाबाई म्हणाल्या. "पर ती मी तुला शिकवनार न्हाय. मासा न्हाय म्हनून बेसनाचा मासा करायचा आन् पोरांना फसवायचं, त्यो सयपाक हाय त्यो. माझ्या नातवंडांनी त्यो खाऊ नये म्हनून तर आमी गाव सोडलं."

"मी कोणाला फसवणार नाही. मासवडी म्हणूनच वाढेन. पुढच्या नाताळला सगळ्यांना. वर्गणी नाही, कुपन नाही. एक पण माणूस उपाशी जाणार नाही, आई. शिकवा मला."

पुतळाबाई उठल्या. मला वाटलं, रागाने आत जातील. पण त्या गॅलरीत आल्या, माझ्यातली सदाफुली मुळांसकट उचलून त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यात लावली आणि मला आत नेऊन सुनेच्या पुढ्यात ठेवलं. "त्या पातळ भांड्यात जमत न्हाय मासवडी. बेसन घाटायला लोखंड लागतं. आधी हिला मानसात आन."

उज्वलाने विटेच्या चुऱ्याने मला घासलं. चिंचेचा कोळ लावला, धुतलं, आचेवर कोरडं केलं, तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या बोटांना चिरा पडल्या, पण तिने सोडलं नाही. माझा गंज गेला आणि पुन्हा काळं अंग दिसू लागलं, तेव्हा तिने माझ्यात फोडणी टाकली. ती चुर्र वाजली. इतक्या दिवसांनी तो आवाज माझ्याच पोटातून आलेला ऐकून मला काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

मासवडी सोपी नसते, मित्रांनो. आधी तीळ आणि सुकं खोबरं भाजायचं, कांदा-लसूण परतायचा, कोथिंबीर घालून सारण करायचं. मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घालून घाटत राहायचं. हात थांबला की गुठळी. शिजलं की ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, सारण भरायचं, फडक्यानेच गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि भाकरी. उज्वलाची पहिली मासवडी फडक्यालाच चिकटून बसली. दुसरी फुटली. "पुन्हा," ती स्वतःलाच म्हणायची आणि नवं फडकं भिजवायची. बिघडलेलंही सगळं घरातच खाल्लं जाई. वर्षभर जमेल त्या रविवारी ती मासवडी करत राहिली. "आज पण भाजीच?" म्हणणारी करुणा मग ताट चाटूनपुसून खाऊ लागली.

नोव्हेंबरात घरप्रार्थनेची पाळी आमच्याकडे आली. मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब आले, आणि जेवणाची सगळी व्यवस्था बघणारे नंदकुमार आले. प्रार्थनेनंतर उज्वलाने मासवडी वाढली. दोघांनी रस्सा मागून घेतला. तेव्हा तिने मनातलं सांगितलं.

नंदकुमार मोकळे हसले. "उज्वलाताई, चव एक नंबर आहे. पण नाताळला व्हेज? लोक बोलतील."

"बोलू द्या. पण सगळे जेवून बोलतील."

"अहो, शे-दीडशे माणसं होतात. टेन्शन येईल तुम्हाला. आपली केटररची सिस्टम काय वाईट आहे?"

"भाऊ, कितीजण जेवायच्या आधी निघून जातात, तुम्ही बघितलंय?"

नंदकुमारांचा घास हातातच राहिला. "निघून जातात? कोण?"

"गेल्या वर्षी आम्ही गेलो." उज्वला म्हणाली. शांतवन मान खाली घालून बसला होता. त्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं.

पाळकसाहेबांनी ताट बाजूला ठेवलं. ते म्हणाले, "ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. बाई, यंदाचं जेवण तुमच्याकडे. ज्याला जे जमेल ते तो आणेल. बेसन आणेल, नारळ आणेल, नाहीतर नुसते हात घेऊन येईल."

नंदकुमारांना खात्री नव्हती. "नाही जमलं तर आयत्या वेळी कोण जेवण देणार?" असं ते जिना उतरेपर्यंत म्हणत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच बायका हॉलवर जमल्या. कोणी पिशवीभर बेसन आणलं, कोणी तीळ, कोणी गावाकडची ज्वारी. नंदकुमारांनी भाड्याने एक भली मोठी ॲल्युमिनियमची कढई आणली होती. मला मसाला भाजण्यापुरतं नेलं होतं. मोठ्या कढईत फोडणी झाली, बेसन पडलं, दोन बायका घाटू लागल्या. पण तिचं बूड पातळ. बघता बघता खालून करपलं आणि वर गुठळ्या झाल्या. ढीगभर बेसन वाया गेलं. धुराचा वास हॉलभर पसरला.

नंदकुमारांनी खिशातून मोबाइल काढला. "ताई, अजून वेळ आहे. केटररला सांगतो. वर्गणी नंतर बघू."

उज्वलाच्या चेहऱ्यावर घाम होता. तिने करपलेल्या कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोबाइल ठेवा, भाऊ. आता एकदम नाही करायचं. या लोखंडी कढईत होईल तेवढाच घाणा घ्यायचा. एक झाला की दुसरा."

"दिवस जाईल त्यात!"

"जाऊ द्या. दिवस आहे आपल्याकडे."

आणि मी आचेवर चढले. घाणा उतरला की पुसायचं, फोडणी, बेसन, पुन्हा घाटणं. पुतळाबाई खुर्चीवर बसून थापणाऱ्या बायकांना सांगत होत्या, "पातळ थापा, पोरींनो, पातळ!" उज्वलाचे दंड भरून आले, तेव्हा शांतवन पुढे झाला. त्याने तिच्या हातातलं उलथनं घेतलं. कंपनी बंद पडल्यापासून तो मंडळीत मागच्या खुर्चीवर बसायचा, लवकर उठून जायचा. आज सगळ्यांच्या मध्ये उभा राहून तो बेसन घाटत होता.

दुपार कलली आणि मला झेपेना. एवढा जोर मी कधी सोसला नव्हता. माझ्या एका कानाचा रिव्हेट ढिला झाला आणि ऐन घाण्यात मी कलंडले. कोणीतरी ओरडलं. शांतवनने फडक्याने मला धरलं. त्याचं मनगट भाजलं, पण त्याने सोडलं नाही. "उज्वला, घाट तू! थांबू नको!" त्याने तसंच धरून ठेवलं आणि ती घाटत राहिली. बेसन फडक्यावर उतरलं, त्यानंतरच त्याने मला खाली ठेवलं.

भाजलेल्या मनगटावर गार पाणी घेऊन तो हत्यारांची पिशवी आणायला घरी धावला. परत येऊन त्याने जुना रिव्हेट उडवला, नवा बसवला, फरशीवर टेकवून ठोकला. ते ठोके मला ओळखीचे वाटले. ज्या ठोक्यांनी माणूस भांडं घडवतो तेच ते.

"आता पडणार नाही," तो म्हणाला. "चला, पुढचा घाणा!"

दिवे लागायच्या सुमाराला शेवटची वडी कापली गेली. परातींवर पांढरी फडकी पसरली. नंदकुमार पण भाकरीचं पीठ चाळत बसले होते, आणि त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

नाताळच्या दिवशी दाराशी टेबल नव्हतं. उपासना संपली, खुर्च्या मागे सरकल्या. चांगुणाबाईंनी नेहमीप्रमाणे पदर सारखा केला आणि त्या दाराकडे निघाल्या. उज्वला आडवी आली.

"पोट बरं नाही गं माझं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मग मासवडी कमी तिखट वाढते. बसा."

"माझ्याकडं कुपन..."

"कुणाकडंच नाहीये, मावशी. बसा ना."

चांगुणाबाई बसल्या. पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडली. पंगतीत कोणीतरी मोठ्याने विचारलं, "हे काय आहे? मासा आहे का?" मी शेगडीवर रस्सा घेऊन होते, माझ्याजवळ उभ्या असलेल्या पुतळाबाई चटकन वळल्या. मला वाटलं, त्या आता लाजतील.

"मासा न्हाय," त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "मासवडी हाय. आमच्या गावची. मी शिकिवली सुनंला."

त्या दिवशी काही लोक बोललेच. मटण असतं तर बरं झालं असतं, असं दोघा-तिघांनी म्हटलं, आणि मग रस्सा मागितला. पण उपासनेला आलेलं एकही माणूस न जेवता गेलं नाही. परत येताना माझ्या पिशवीचा एक बंद करुणाने धरला होता आणि वाटेत ती आईला विचारत होती, "मम्मी, ईस्टरला पण आपणच करायचं?" "करायचं," उज्वला म्हणाली.

मित्रांनो, शांतवनला अजून कायमची नोकरी मिळालेली नाही. आमच्या घरात अजूनही भाजी-भाकरीच शिजते, आणि कोणी त्याबद्दल मान खाली घालत नाही. तुमच्या घरी माळ्यावर किंवा गॅलरीत माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला आत आणा. गंज पाहून टाकून देऊ नका. गंज घासला की जातो. धुतल्यावर ओली ठेवू नका, पुसून तेलाचं बोट फिरवा. एवढ्यावर ती तुमच्या नातवंडांना जेवू घालेल. आणि तुमच्या पंगतीतून कोणी पोट बरं नाही म्हणून उठलं, तर लगेच हो म्हणू नका. हात धरा आणि बसवा.

आता मला थांबायला हवं. उज्वलाने शेगडी पेटवली आहे.